साठीनंतरचं गोल्फ

(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक विभागात २०२५ च्या श्रावणात झालेलं भाषण. सभासदांच्या आग्रहावरून, थोडी काटछाट करून, स्मरणिकेत देत आहोत.)



बोलायला उभा एकच आहे, पण बोलतोय आम्ही चौघं. हा कागद चौघांनी मिळून तयार केलाय आणि त्यातला कुठला विनोद कुणाचा यावर काल रात्रीपर्यंत वाद चालू होता. उरलेले तिघं पहिल्या रांगेत बसलेत. आमच्याकडून काही राहिलं तर ते तिथूनच ओरडतील.

चिटणीसांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही गोल्फ म्हटलं. पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येईना. मग त्यांनी हळूच विचारलं, "मधुमेहावर काही नाही का?" त्यांचंही बरोबर आहे. हजाऱ्यांच्या गावात क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. पण ज्या लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात आपलं मोतीबाग मैदान आहे, त्याच आवारात गोल्फचंही मैदान आहे. १९३०च्या दशकात राजघराण्याने ते युरोपीय पाहुण्यांसाठी करून घेतलं. पुढे १९९०च्या दशकात समरजितसिंह गायकवाडांनी, जे स्वतः रणजी खेळलेले आहेत, त्याची डागडुजी करून ते बाहेरच्यांना खुलं केलं. आपले आजोबा दांडिया बाजारातून सायकल मारत त्या भिंतीजवळून गेले असतील, पण आत काय चाललंय हे त्यांना कधी दिसलं नाही. आम्ही आत गेलो तेव्हा चौघांनीही साठी ओलांडली होती.

पहिला आक्षेप आम्हीच घेऊन टाकतो. हा श्रीमंतांचा खेळ आहे ना? स्वस्त नाही, हे कबूल. आमची सुरुवात चौघांत मिळून एक जुनी पिशवी विकत घेऊन झाली. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. आमच्या पिशवीत ९ होत्या आणि त्यातली एक डावखुऱ्याची निघाली. ती अजून एकाच्या माळ्यावर आहे.

क्रिकेट खेळलेल्या माणसाला गोल्फ लवकर येईल अशी आमची समजूत होती. ती पहिल्याच सकाळी गेली. बॅट धरताना खालचा हात जोर लावतो आणि तीच सवय इथे घात करते. शिवाय चेंडू उचलायचा म्हणून आपण काठी खालून वर ओढतो, तर तो जमिनीवरून सरपटत जातो. काठीच्या पात्याला जो तिरपेपणा दिलेला असतो तोच चेंडूला वर नेतो; आपण फक्त चेंडूवर खाली उतरत मारायचं. हे एका वाक्यात सांगून झालं, पण हाताला पटायला आम्हाला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात आम्हाला फुकट मिळालेले सल्ले मोजले तर एकच हजार वेळा भरेल: "डोकं खाली ठेवा." आमच्या मते हा सल्ला अर्धवट आहे. डोकं खाली दाबून धरलं की खांदे फिरत नाहीत, आणि खांदे फिरले नाहीत की पुन्हा सगळी मदार हातांवर. डोकं स्थिर असावं, पण गळ्यात दगड बांधल्यासारखं नको.

आता सुधारणेबद्दल, कारण चहाच्या वेळी तेच विचारलं जातं. कोलंबिया विद्यापीठातले मार्क ब्रोडी नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंच्या लाखो फटक्यांचा हिशेब मांडला आणि २०१४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं जुन्या समजुतीच्या उलट आहे. चांगला खेळाडू आणि साधा खेळाडू यांच्यातला बराचसा फरक लांबच्या फटक्यांत असतो, पुटिंगमध्ये कमी, असं ते दाखवून देतात. पुट म्हणजे हिरवळीच्या शेवटच्या गुळगुळीत भागावर, ज्याला ग्रीन म्हणतात, तिथे चेंडू घरंगळवत खळग्यात घालणं. ब्रोडींचा हिशेब खरा आहे आणि तो वाचून आमची निराशाही झाली, कारण लांबचा फटका आता आमच्या हातात नाही. पासष्टीच्या कंबरेकडून आणखी पन्नास यार्ड मागणं म्हणजे थकलेल्या बैलाला चाबूक दाखवणं. म्हणून आम्ही ठरवलं की शेवटच्या शंभर यार्डांत जे वाया जातं तेवढं तरी वाचवायचं. महिनाभर एका वहीत प्रत्येक फटका लिहिला. ज्या दिवशी शंभरी ओलांडली, त्या दिवशी त्यातले चाळीसहून जास्त नुसते पुट होते! लांब मारता येत नाही हे समजू शकतो, पण तीन फुटांवरून चुकायला वयाचं कारण कसं सांगणार?

तेव्हा घरी सराव सुरू झाला. खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, म्हणजे साधारण आपल्या आमटीच्या वाटीएवढा. सतरंजीवर आम्ही मुद्दाम त्याहून लहान फुलपात्र आडवं ठेवलं. फुलपात्रात चेंडू जायला लागला की मैदानावरचा खळगा घंगाळासारखा दिसतो. खांद्यांनी पाळणा हलवल्यासारखी काठी हलवायची, मनगटं गप्प ठेवायची. लांबच्या पुटला दिशेपेक्षा वेग सांभाळायचा, कारण दिशा सहसा फूटभर चुकते, वेग मात्र सहा-सहा फूट चुकतो. ग्रीनच्या अगदी कडेला चेंडू असेल तर उंच उडवायच्या भानगडीत न पडता सात नंबरच्या आयर्नने त्याला जरासा टोला देऊन पळवत न्यायचा. दिसायला शोभा नाही, पण उपयोगाचं आहे. एरवी जमिनीवर दोन काठ्या समांतर ठेवून पावलं कुठे बघतायत ते तपासायचं. आपण समजतो त्यापेक्षा ती नेहमी उजवीकडे बघत असतात.

आणि लय. काठी मागे नेताना तीन मात्रा, खाली येताना एक. हे आमच्यातल्या दादांनी शिकवलं. दादा आपल्या भजनी मंडळात तबल्याला बसायचे, तुम्ही सगळ्यांनी त्यांना ऐकलंय. नोकरी रेल्वेच्या हिशेबखात्यात, हात तबल्यावर, म्हणजे मोजण्यात माणूस पक्का. त्यांच्याकडे मी पुन्हा येतो. म्हणजे आम्ही येतो.

आठ फुटांवरून व्यावसायिक खेळाडूचा पुट किती वेळा आत जातो? ब्रोडींच्या आकड्यांप्रमाणे साधारण निम्म्या वेळा. पाच फुटांवरूनही चारातला एक चुकतो. हे कळल्या दिवसापासून आमचं टीव्हीवर गोल्फ बघणं बदललं. आधी आम्ही त्यांचे लांब फटके बघत होतो, आता ते चुकल्यावर काय करतात ते बघतो.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी वर्षभराचं एवढंच लक्षात ठेवा. मोठ्या स्पर्धा चार. एप्रिलमध्ये ऑगस्टाची मास्टर्स, मेमध्ये पीजीए चॅम्पियनशिप, जूनमध्ये यूएस ओपन आणि जुलैमध्ये ओपन, जी १८६० पासून चालू आहे. ओपन ब्रिटनमध्ये असल्यामुळे आपल्याकडे रात्री अकराच्या आसपास आटोपते, म्हणून साठीच्या पुढच्यांना तीच सोयीची. मास्टर्सला मात्र पहाट होते. आपल्या देशातला टूरही आता चांगला चालतो. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. त्याच ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक एका फटक्याने पदक हुकून चौथी आली, त्या शनिवारी सकाळी तरी सगळ्या देशाने गोल्फ पाहिलं. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा होता. सौदी पैशावर निघालेल्या नव्या लीगमुळे चांगले खेळाडू दोन तंबूंत विभागले गेलेत, त्याबद्दल आमच्यात दोन मतं आहेत, ती चहाच्या वेळी सांगू.

यंदाचं वर्ष चुकलेल्यांचं आहे. शब्द थोडे आधी समजावून देतो: एका होलला जेवढे फटके अपेक्षित ते पार, एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त तर बोगी, दोन जास्त तर डबल बोगी. जून महिन्यात ओकमाँटला जे. जे. स्पॉन शेवटच्या दिवशी पहिल्या सहा होलमध्ये पाच बोगी करून बसला. पावसाने खेळ थांबला, तो परत आला आणि शेवटच्या होलला ६४ फुटांचा पुट घालून यूएस ओपन जिंकला. जगातला पहिल्या क्रमांकाचा स्कॉटी शेफलर. २०२३ मध्ये त्याच्यासारखे लांबचे फटके कुणाचेच नव्हते आणि पुटिंगमध्ये तो दीडशेच्याही खाली होता. त्याने पुटर बदलला, पुढे जवळच्या पुटसाठी पकडही बदलली, आणि यंदा पीजीए आणि ओपन दोन्ही जिंकला. ओपनच्या आठवड्यात पत्रकारांना तो म्हणाला की जिंकल्याचा आनंद दोन-चार मिनिटं टिकतो, मग रात्री जेवायला काय हा प्रश्न येतो. आमच्या घरच्या मंडळींना हा खेळाडू लगेच आवडला.

पण आमची रात्र म्हणजे मास्टर्सची. १४ एप्रिल, आंबेडकर जयंतीची सुट्टी, त्यामुळे जागरणाला परवानगी मिळाली होती. चौघं एकाच्या दिवाणखान्यात. रोरी मॅकिलरॉय अकरा वर्षं मोठ्या स्पर्धेविना राहिलेला. चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारे तोवर फक्त पाच जण होते आणि त्याची एवढी एकच राहिली होती. तेराव्या होलला आघाडीवर असताना ऐंशी-पंच्याऐंशी यार्डांवरून त्याने चेंडू ओढ्यात घातला. ऐंशी यार्ड! असा फटका आम्ही दर रविवारी मारतो, पण आमच्याकडे कुणी बघत नसतं. डबल बोगी. शेवटच्या होलला पाच फुटांचा पुट राहिला, तो आत गेला की संपलं. चुकला. जस्टिन रोझबरोबर बरोबरी झाली आणि पुन्हा त्याच अठराव्या होलवर प्लेऑफ. आमच्यातले दोघं उठून टीव्ही बंद करा म्हणायला लागले. दादा शांतपणे म्हणाले, "तोच होल आहे ना परत? मग येईल त्याला." या वेळी त्याने चेंडू आणखी जवळ टाकला आणि पुट घातला. आपल्याकडे पावणेपाच वाजत आले होते. तो ग्रीनवर गुडघ्यांवर पडून रडत होता आणि वहिनी आत चहा टाकत होत्या.

चौदा एप्रिल म्हटल्यावर गोल्फवाल्यांना आणखी एक माणूस आठवतो. १९६८, तीच मास्टर्स. अर्जेंटिनाचा रोबेर्तो दि विचेन्सो, आदल्या वर्षीचा ओपन विजेता, त्या दिवशी त्याचा ४५ वा वाढदिवस. सतराव्या होलला त्याने बर्डी केली, तीन फटके. टीव्हीवर लोकांनी पाहिली. पण गोल्फमध्ये आपलं कार्ड आपण लिहायचं नसतं. बरोबर खेळणारा लिहितो आणि आपण तपासून सही करतो. बरोबरच्या टॉमी ॲरनने चुकून चार लिहिले. दि विचेन्सोने न बघता सही केली. नियम असा की जास्तीचा आकडा सही झाला तर तोच धरायचा. ६५ चे ६६ झाले, आणि ज्या एका फटक्याने बरोबरी होऊन प्लेऑफ झाला असता तो गेला. बॉब गोल्बी विजेता ठरला. दि विचेन्सोने ॲरनला दोष दिला नाही, स्वतःलाच दिला.

हे आम्ही सांगतोय त्याला कारण आहे. दादांच्या आणि वहिनींच्या परवानगीनेच सांगतोय. दादा समोर बसलेत.

आमचा आपसातला सामना दर रविवारी असतो. हरणाऱ्याने सेव-उसळ खिलवायची. मैत्रीत कसलं आलंय कार्ड, म्हणून आम्ही नियम सैल केला होता: होल संपला की प्रत्येकाने आपला आकडा तोंडी सांगायचा आणि एकाने तो लिहायचा. गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका होलला दादांनी पाच सांगितले. आम्ही तिघांनी सात पाहिले होते. बोललो नाही. पुढच्या रविवारी पुन्हा. मग आम्ही तिघं आपसात कुजबुजायला लागलो. आयुष्यभर रेल्वेच्या पैशाचा हिशेब ठेवलेला माणूस एका सेव-उसळीसाठी दोन फटके खातो, हा आमचा विनोद. लाज वाटते, पण केला. एवढ्यावर थांबलो नाही. एकाने खिशात वेगळं कार्ड ठेवायला सुरुवात केली: दादांनी सांगितलेला आकडा आणि आम्ही मोजलेला आकडा, तारखेसकट. त्यांना पकडायचं म्हणून.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी आम्ही ते बोललो. तेही हसत, चारचौघांत, दोन कॅडी मुलं उभी असताना. "दादा, हिशेबखात्यातून रिटायर झालात की मोजण्यातूनही?" दादांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पिशवी खाली ठेवली, एकदाही मागे न बघता फाटकाकडे चालत गेले आणि त्यानंतर सहा रविवार आले नाहीत. फोन उचलला नाही. आम्हाला वाटलं, चोरी उघडी पडली म्हणून रागावलेत.

मग वहिनींचा फोन आला. दादा खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन निघाले आणि घरी यायला त्यांना तीन तास लागले. पन्नास वर्षांचा रस्ता.

पुढच्या तपासण्या, त्यांची नावं, ते तुमच्यापैकी काहींनी आपापल्या घरी पाहिलेलं आहे, त्यात जात नाही. डॉक्टरांनी वहिनींना विचारलं, हे कधीपासून सुरू झालं? वहिनींना सांगता येईना, कारण घरात त्यांना काही वेगळं दिसलंच नव्हतं. आम्ही तिघं दवाखान्यात बाहेर बसलो होतो. ज्याच्या खिशात ती कार्डं असायची तो उठला, घरी गेला आणि सगळी घेऊन आला. सहा महिन्यांची. डॉक्टरांनी ती तारीखवार मांडली. एप्रिलमध्ये अठरा होलमध्ये एखाद्या ठिकाणी फरक होता, ऑक्टोबरमध्ये जवळजवळ प्रत्येक होलला. त्यांनी विचारलं, "हे इतकं बारकाईने कुणी ठेवलं?" कुणी आणि कशासाठी, यातल्या फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही दिलं. दुसऱ्याचं आज देतोय.

दादांना ते आम्ही आधी सांगितलं, अर्थात. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कार्ड दुसऱ्यानेच लिहायचं असतं, हा नियमच आहे. तुम्ही लोकांनी मोडला होता." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

आता नियम पाळतो. दादांचं कार्ड आमच्यातला एक लिहितो, त्याचं दुसरा, अशी साखळी. दादा अठराऐवजी नऊ होल खेळतात, डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे. आपला चेंडू कुठला हे कधीकधी विसरतात, म्हणून त्यांच्या चेंडूवर केशरी रंगाचा मोठा ठिपका काढलाय. तीन मात्रा मागे, एक मात्रा खाली, हे मात्र अजून जसंच्या तसं आहे. मोजायचं नाही म्हटल्यापासून त्यांचे जवळचे पुट आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त जातात, आणि त्याचं श्रेय आम्ही फुलपात्राला द्यावं की आणखी कशाला, यावर आम्ही बोलत नाही. काही रविवारी ते खेळायला तयार नसतात, पिशवीकडे बघतात आणि ही कुणाची असं विचारतात. त्या दिवशी आम्ही नवलखी वावेपर्यंत चालत जातो आणि परत येतो.

आता शेवटचं, सूचना. सप्टेंबरच्या २६ ते २८ ला न्यूयॉर्कला रायडर कप आहे, युरोप विरुद्ध अमेरिका. ऐन नवरात्रात येतोय, म्हणजे गरब्याहून दमून आलात तरी टीव्हीवर खेळ चालूच असेल. या दिवसांत एकटा एकट्यासाठी खेळत नाही, दोघं मिळून एक चेंडू आळीपाळीने मारतात असेही सामने असतात, ते आवर्जून बघा. ऑक्टोबरमध्ये दिल्लीला युरोपच्या टूरची मोठी स्पर्धा आहे. आमचा जायचा विचार आहे, तिकिटांचं एक जण बघतोय.

ज्यांना खेळून बघायचं आहे त्यांनी विसर्जनानंतरच्या रविवारपासून सकाळी सहाला यावं. मैदानावर पाहुणा म्हणून यायचं काय ते आधी आमच्यापैकी कुणालाही विचारा, ऐन वेळी फाटकावर अडकू नका. काठ्या आणायच्या नाहीत, आमच्याकडे आहेत, डावखुऱ्यासाठीही एक आहे. टोपी, पाण्याची बाटली आणि कॉलरचा शर्ट पुरे. कार्ड लिहायला मात्र पेन्सिल आपली आपण आणावी, आमच्या नेहमी हरवतात.

नंतर सेव-उसळ असते. तिखट कमी सांगितलंत तर दादा रागावतात.